भोगवे, दोन रात्री आणि चार बांगडे

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून नवऱ्याने सिंधुदुर्गातल्या भोगव्याला समुद्रकाठच्या एका ‘इको’ रिसॉर्टचं सरप्राइज बुकिंग केलं आणि मी आधी रेट बघितला, एका रात्रीचे साडेअकरा हजार! एवढ्यात माझी मावशी महिनाभर घर चालवते. पण पैसे भरून झालेले, नॉन-रिफंडेबल, मग काय, दादरहून तुतारी एक्स्प्रेस पकडली, कुडाळला उतरलो आणि रिक्षाने पाट, परुळे करत भोगव्याला. चिपीचा विमानतळ इथून जवळच आहे, पण रेल्वेची मजा त्यात नाही.

एकूण पाचच कॉटेजेस. जांभ्याच्या भिंती, वर झावळ्यांचं छप्पर, समोर सुरूची झाडं आणि त्यापलीकडे किनारा, ज्यावर आम्ही पोचलो तेव्हा दोन कुत्री सोडून कोणी नव्हतं. टीव्ही नाही, वायफाय फक्त जेवायच्या जागी. बाथरूमला छप्पर नाही, आंघोळीचं पाणी थेट केळीला जातं, आणि हे मॅनेजरने इतक्या कौतुकाने दाखवलं की आमच्या आजीच्या न्हाणीमागे अळू असायचं हे मी बोललेच नाही. प्लास्टिकची बाटली कुठेच नाही, खोलीत मातीचा माठ. हे मात्र खरंच आवडलं.

खटकलं ते रात्री. समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंनी पांढरे लाइट्स, रात्रभर चालू! फेब्रुवारी होता, म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवांचा सीझन, इथून खाली वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला दरवर्षी घरटी सापडतात. अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं रात्री जिकडे जास्त उजेड दिसेल तिकडे चालतात, मोकळ्या किनाऱ्यावर तो समुद्राकडे असतो, पण मागे बल्ब लागले की बिचारी उलटी फिरतात. झावळ्या लावून ‘इको’ होता येत नाही असं माझं स्पष्ट मत, आणि मी ते मॅनेजरला सांगितलं, नवरा टेबलाखालून पाय मारत असताना. मॅनेजर म्हणाला, गेस्ट सापांना घाबरतात. मग टॉर्च द्या ना! दुसऱ्या रात्री दहानंतर लाइट बंद झाले. मग जे काय आकाश दिसलं! आम्ही बारापर्यंत वाळूतच पडून होतो, आणि निवतीच्या बाजूला लांब समुद्रात दीपगृहाचा उजेड फिरून फिरून येत होता.

पण ट्रिप वसूल झाली ती सकाळी. साडेसहाला चालायला गेले तर रापण लागलेली. होडीतून जाळं अर्धगोल टाकून आणतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात, वीस-पंचवीस जण तरी होते, म्हातारे, पोरं, बायका. मी मोबाइल काढून व्हिडिओ करत उभी, तर एक काका ओरडले, "नुसते बघतास काय, धरा दोरी!" धरली. दहा मिनिटांत हात सोलवटले, पाय वाळूत रुतले, आणि जाळं काय येईना. पाऊण तासाने आलं तेव्हा आत बांगडे, तारल्या, दोन-चार खेकडे आणि बराच शेवाळ. काका म्हणाले आता पूर्वीसारखं मिळत नाही, पर्ससीनवाले, म्हणजे यांत्रिक बोटींतून मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणारे, बाहेरच्या बाहेर सगळं उचलतात. तरी दोरी धरणाऱ्याला वाटा द्यायचाच. "हो घेवा तुमचो वाटो" म्हणत त्यांनी चार बांगडे माझ्या ओढणीत टाकले. ओढणी सिल्कची होती, असो.

किचनमधल्या मावशींनी त्या बांगड्यांचं तिरफळ घालून तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण केलं, सोबत भात आणि सोलकढी. त्या दोन दिवसांतलं सगळ्यात भारी जेवण, मेन्यूकार्डावर नसलेलं.

चेकआउटला बिल बघते तर ‘फिश स्पेशल, सहाशे रुपये’. मी तोंड उघडायच्या आत मावशीच आतून ओरडल्या, "अरे, ते माशे त्यांचेच होते मां!"

मॅनेजरने निमूटपणे पेनाने खोडलं.