एक फटका मारला तर आत टाकणार का?

पालकसभा शनिवारी सकाळी होती आणि आदल्या संध्याकाळी ती क्लिप वस्तीतल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. पुरुषी आवाज, चढलेला नाही, उलट समजावणीच्या सुरातला. तो सांगत होता की शाळेत येणाऱ्या संस्थेच्या बायका, म्हणजे आम्ही, आपल्या पोरांना आईबापाविरुद्ध १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करायला शिकवतात. फोन गेला की पोलीस येतात आणि पोर उचलून बालगृहात टाकतात. हे सगळं परदेशी खूळ आहे, उद्या सभेत ते बंद पाडायचं. मला ही क्लिप पाठवली आमच्या बालगटातल्या एका मुलीच्या आईने. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘ताई खरं आहे का’.

शाळा ठाण्यातली, वागळे इस्टेटच्या मागे डोंगराला टेकलेल्या वस्तीतली. मराठी माध्यम. पालक कोण, तर रिक्षा चालवणारे, वागळेतल्या छोट्या कारखान्यांत आणि पॅकिंगच्या गाळ्यांत जाणारे, घोडबंदरच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाया. मूळ गाव कुणाचं सातारा, कुणाचं कोकण, कुणाचं खानदेश. सहावी ते आठवीच्या मुलामुलींचा एक बालगट आम्ही तिथे चालवतो. त्या मुलांनी शाळेची आणि शाळेच्या वाटेची पाहणी केली होती. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही, एका बोळातले दिवे बंद आहेत, सार्वजनिक शौचालयाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी टोळकं बसतं, असं बरंच काही निघालं. मुलांनी ठरवलं की प्रभाग समितीच्या कार्यालयात निवेदन द्यायचं. ही गोष्ट बाहेर पडली आणि वारं फिरलं. पोरं तक्रार करणार म्हटल्यावर वस्तीत स्वतःला कर्तेधर्ते समजणाऱ्या काहींना ते झोंबलं.

क्लिप आली त्या संध्याकाळी आम्ही ऑफिसात बसलो. आवाज कुणाचा हे शोधत बसायचं नाही, हे आमच्या ज्येष्ठ सहकारी ताईंनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. आणि ती क्लिप खोटी आहे असं लिहून परत त्याच ग्रुपवर टाकायची नाही, हेही. खोट्याचं खंडन करताना आपण ते खोटं आणखी चार घरांत पोचवतो. त्यापेक्षा जे खरं आहे ते सभेत आपणहून आधी सांगायचं.

मग कोण चिडलंय, कोण घाबरलंय आणि ही चीड कुणाला हवी आहे, हे आम्ही वेगवेगळं मांडून पाहिलं. बाहेरून पाहिलं की सगळा जमाव विरोधकांचाच वाटतो. पण नावं घेत गेलो तसं दिसलं की चीड हवी असलेली माणसं मोजकी आहेत आणि घाबरलेली पुष्कळ. क्लिप पाठवणारी ती आई दुसऱ्या प्रकारातली. तिला आपलं मूल हातचं जाईल अशी भीती वाटली, आणि ती भीती तिच्यावर कुणीतरी लादली होती. अशा बाईपुढे कायद्याची कलमं वाचणं म्हणजे तिला समोरच्या बाजूला ढकलून देणं. तिच्याशी त्याच रात्री फोनवर बोलायचं ठरलं. अंगणवाडीताई आणि आशाताईंनाही लगेच फोन गेले, कारण वस्तीत आमच्या शब्दापेक्षा त्यांच्या शब्दाला वजन आहे.

हा विरोध या वस्तीत उपजलेला नाही, तो फार जुना आहे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. शरीरसंबंधासाठी मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढाच बदल होता. तरी परक्या सरकारने आमच्या घरात आणि धर्मात हात घालू नये म्हणून महाराष्ट्रात रण पेटलं, आणि विरोध करणाऱ्यांत लोकमान्य टिळकही होते. २००७ मध्ये किशोरवयीनांसाठीचा लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह काही राज्यांनी संस्कृतीच्या नावाने थांबवला. २०१६ मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला तेव्हा चौदाच्या आतल्या मुलाने शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायला मोकळीक मिळाली, आणि भिवंडीकडच्या वीटभट्टीवर ‘घरचा धंदा’ कशाला म्हणायचं हे सांगायला कुणी उभं राहत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्यातल्या, गरीब आणि वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के प्रवेशांतून सूट देणारी अधिसूचना राज्यात निघाली. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ती लढाई वकिलांनी कागदावर जिंकली. आमच्यासमोरची लढाई कोर्टात जिंकण्यासारखी नव्हती, ती शाळेच्या सभागृहातल्या सतरंजीवर व्हायची होती.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका प्रश्नावर. मुलांना सभेत बोलू द्यायचं की नाही? मुलं तयार होती, हट्टाला पेटली होती. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ चा. भारताने तो ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारला. त्यातलं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबीत त्याचं मत ऐकलं पाहिजे आणि वय, समज पाहून त्याला महत्त्व दिलं पाहिजे. पण त्याच करारातलं एकोणिसावं कलम मुलाला इजेपासून जपायला सांगतं. तापलेल्या सभेत तेरा वर्षांची पोरगी उभी राहिली, तर संध्याकाळी घरी तिला काय ऐकावं लागेल, कदाचित काय सोसावं लागेल, ते आम्हाला दिसणार नाही. मोठ्यांच्या भांडणात मुलांना पुढे उभं करणं मला कधीच पटलेलं नाही, मग ते कितीही चांगल्या कामासाठी असो. मुलांनाच विचारलं. सकाळी शाळेत लवकर आलेल्या मुलांमधली आठवीतली एक मुलगी म्हणाली, “आम्ही नाही बोलत. पण आमचा नकाशा तर लावा.” ठरलं.

सभेला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त गर्दी होती. एरवी आया येतात, त्या दिवशी बापही होते. मुख्याध्यापकबाईंनी दोन वाक्यं बोलून माईक माझ्याकडे दिला. मी क्लिपचा उल्लेखही न करता सुरुवात केली. १०९८ वर फोन केला की काय होतं, ते पायरीपायरीने सांगितलं. फोन घेणारा आधी मुलाशी बोलतो. गरज असेल तर माणूस येऊन भेटतो, घरच्यांशीही बोलतो. मामला गंभीर असेल तरच तो बालकल्याण समितीपुढे, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, जातो. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या तिसऱ्या कलमातच लिहिलंय की मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. हरवलेलं मूल, स्टेशनवर एकटं सापडलेलं मूल, लग्न ठरवलेली चौदा वर्षांची मुलगी, अशांसाठी हा नंबर आहे.

मागून एक रिक्षावाले दादा उभे राहिले. खाकी शर्ट तसाच अंगात, धंद्यावरून थेट आलेले.

“ताई, ते सगळं राहू द्या. सरळ सांगा. उद्या मी माझ्या पोराला एक फटका मारला तर मला आत टाकणार का?”

सभागृहात एकदम हलकल्लोळ झाला. हाच प्रश्न येणार हे आम्हाला माहीत होतं आणि उत्तर गुळमुळीत द्यायचं नाही हेही ठरलं होतं. मी म्हटलं, “नाही दादा. एका फटक्यासाठी कुणी तुम्हाला आत टाकायला येणार नाही. पण पट्ट्याने मारलं, अंगावर वळ उठले, उपाशी ठेवलं, पोर घरी जायला घाबरायला लागलं, तर कायदा विचारणार. त्याच बाल न्याय कायद्याचं कलम पंचाहत्तर. तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शाळेत तर शिक्षकाने साधी छडीसुद्धा मारायची नाही, शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम आहे. आणि फटक्याचं म्हणाल, तर तुम्हाला बरं वाटावं म्हणून तो बरोबर आहे असं मी म्हणणार नाही.”

ते बसले नाहीत, पण पुढे काही बोललेही नाहीत. कडेने एकजण ओरडला, “हे सगळं परदेशातलं!” तेव्हा आमच्या ताई उठल्या. त्यांनी विचारलं, इथे कोल्हापूरकडचं कोण आहे? दोन-तीन हात वर झाले. ताई म्हणाल्या, “१९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरगं शाळेत पाठवलं नाही तर बापाला महिना एक रुपया दंड. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मागणी केली की निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. तेव्हाही लोक म्हणालेच असतील की माझं पोर, मी ठरवीन. आज तुमच्यातलं कोण म्हणेल की महाराज चुकले?” पुढच्या रांगेत एक आजोबा होते, कागलकडचे. ते मागे वळून त्या ओरडणाऱ्याला म्हणाले, “खाली बस रं.”

नंतर नकाशा लावला. चार कार्डशीट चिकटपट्टीने जोडलेले, स्केचपेनने काढलेल्या गल्ल्या, किराणा दुकान, देऊळ, पाण्याची टाकी, शाळा. त्यावर टिकल्या. मुलींनी घरून टिकल्यांची पाकिटं आणली होती. जिथे बरं वाटतं तिथे हिरवी, जिथे भीती वाटते तिथे लाल. कुणी कुठली लावली ते कुठेही लिहिलेलं नाही. पालकांना म्हटलं, जवळ येऊन बघा. बाया उठल्या, मागोमाग बापे. प्रत्येकजण आधी आपलं घर शोधत होता. देवळापाशी हिरव्या, किराणा दुकानाशी हिरव्या. शाळेच्या मागच्या कोपऱ्यात, स्वच्छतागृहावर लाल. सार्वजनिक शौचालयाच्या पायऱ्यांवर तर इतक्या लाल टिकल्या एकावर एक चिकटल्या होत्या की खालची रेघ दिसत नव्हती. एका बाईने त्यावर बोट ठेवलं. “हे आमच्या मागचंच की! माझी पोरगी अंधार पडल्यावर जातच नाही म्हणते. मी तिला आळशी म्हणत होते.”

घरांवरही काही लाल टिकल्या होत्या. फार नाही, पण होत्या. त्यांच्याकडे बोट कुणी दाखवलं नाही आणि आम्हीही नाही. रिक्षावाले दादा त्या भागापुढे बराच वेळ उभे होते.

यानंतर बोलण्याची दिशा बदलली. ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर आपल्याच जिल्ह्यातलं. लहान मुलींवर शाळेत अत्याचार झाला, तक्रार नोंदवायला घरच्यांना ताटकळत बसावं लागलं आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. ती आठवण आशाताईंनी काढली. त्या म्हणाल्या, “तेव्हा आपण सगळे म्हणत होतो, पोरींनी सांगायला पाहिजे. आता सांगायला शिकवलं तर आपल्याला राग का येतो?” याला उत्तर कुणी दिलं नाही, पण कुजबुज थांबली.

मागण्या मात्र आल्याच. बालगट बंद करा, तक्रारपेटी काढा, भिंतीवरचा १०९८ पुसा. यातलं काय सोडायचं आणि काय नाही, हे आम्ही आदल्या रात्री ठरवलं होतं आणि त्याचा फार उपयोग झाला. बालगटाच्या तासाला कुठलाही पालक येऊन बसू शकतो, हे मान्य. काय शिकवतो त्याची फाइल शाळा व्यवस्थापन समितीकडे कायम राहील, हेही मान्य. शेवटी त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि त्यांनी विचारायलाच हवं. पेटी आणि नंबर यांवर मात्र तडजोड नाही. पेटी शासनाच्या आदेशाने आहे, आणि ज्या मुलाला घरात किंवा वर्गात कुणाकडे तोंड उघडता येत नाही, त्याच्यासाठी ती शेवटची फट आहे. त्यावर आवाज चढले. काहीजण उठून निघून गेले, जाताना बाकीच्यांनाही चला म्हणाले. मोजकेच गेले. जाणाऱ्यांचं मन त्या दिवशी वळणार नव्हतं, आणि त्यांना वळवण्यात राहिलेल्यांना बसवून ठेवणं मला परवडणारं नव्हतं.

निवेदनावर सही करायला पहिली आली ती टिकल्यांवर बोट ठेवणारी बाई. मुलांचं निवेदन होतं तसंच ठेवलं, खाली फक्त पालकांच्या सह्या जोडल्या. त्यामुळे आता ते कुठल्या संस्थेचं राहिलं नाही, वस्तीचं झालं. आणि मुलांना पोलिसांकडे पाठवतात म्हणणाऱ्यांना आता मुलांच्या आयांना उत्तर द्यावं लागणार होतं. रिक्षावाल्या दादांनी सही केली नाही. जाताना मला गाठून हळूच म्हणाले, “ते घरावरच्या लाल टिकल्या... कुणाच्या ते कळतं का तुम्हाला?” मी म्हटलं, नाही दादा, आणि कळलं असतं तरी सांगितलं नसतं. ते मान हलवून गेले. पुढच्या आठवड्यात बालगटाच्या तासाला ते मागच्या बाकावर येऊन बसले, शेवटपर्यंत.

स्वच्छतागृहाची कडी शाळेने सोमवारीच बसवली. दिव्यांचं काम प्रभाग कार्यालयात अडकलंय, पाठपुरावा आता पालक करतात, आम्ही फक्त अर्ज लिहून देतो. बालगटातल्या दोन मुलींना मात्र घरच्यांनी पाठवणं थांबवलंय. त्यातल्या एकीच्या आईने दारातून परत पाठवलं. दुसरीच्या घरी अंगणवाडीताई जाऊन आल्या. तिचा बाप म्हणतोय, आधी त्या तासाला मी येऊन बसेन, मग बघू. त्याला येत्या बुधवारची वेळ दिली आहे.