लेक्चर रंगवायचं तर आधी गप्प बसायला शिका

नवीन शिकवायला लागलेलं कोणी "लेक्चर इंटरेस्टिंग कसं करू" विचारतं तेव्हा त्याच्या डोक्यात स्लाइड्स, व्हिडिओ आणि दोनचार जोक असंच काहीतरी असतं. त्याने पोरं जागी राहतात हे खरं, पण डोकं चालवतातच असं नाही. डोकं चालतं ते प्रश्नाने, आणि तो तास संपताना "काही शंका?" छाप नको (त्याला कोण उत्तर देतंय!), ऐन मध्यात टाकायचा.

हेच बघा ना. चेंडू सरळ वर फेकला, अगदी टोकाला पोचला, त्या क्षणी त्याचा वेग शून्य. मग त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? हात वर करायला सांगू नका, सगळे हुशार पोराकडे बघून हात वर करतात, उत्तर वहीत लिहायला लावा. ग्रॅव्हिटीची गणितं फटाफट सोडवणारी पोरंसुद्धा बिनधास्त "शून्य" लिहितात, आणि चुकतात. मग म्हणायचं, शेजाऱ्याला पटवून द्या, आणि आपण बाजूला. वर्गात जो गलका होतो तो होऊ द्यायचा, कारण त्यातच कोणीतरी म्हणतं "अरे त्वरण पण शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकला नसता का?" आणि हे मी फळ्यावर दहादा लिहून जेवढं पोचलं नसतं तेवढं त्या एका वाक्याने पोचतं. नंतर परत उत्तर लिहून घ्यायचं.

ही पद्धत हार्वर्डच्या एरिक मझूर यांची, १९९० च्या दशकातली, पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात. प्रश्न मात्र बेताचा हवा, पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तरच चर्चेत मजा, सगळ्यांनाच येत असेल तर सरळ पुढे जा.

आणि प्रश्न विचारून थांबा हो! अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी कधीच दाखवून दिलंय की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात, तेच तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी पोरंही बोलतात. करून बघा, ते तीन सेकंद फार लांब वाटतात.

"पोर्शन कसा संपणार?" हे येणारच. लांबलचक डेरिव्हेशन घरी वाचायला द्या, पुस्तकात असतंच ते.

खरी अडचण वेगळीच आहे. २०१४ मध्ये शिकवण्याच्या पद्धतींवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा पोरांना कामाला लावणाऱ्या वर्गापेक्षा नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास व्हायची शक्यता दीडपट निघाली, पण २०१९ च्या हार्वर्डमधल्याच एका प्रयोगात असंही दिसलं की पोरांना कामाला लावणाऱ्या वर्गात पोरं शिकतात जास्त आणि त्यांना वाटतं मात्र कमी शिकलो. म्हणजे फीडबॅक फॉर्मवर "सर शिकवतच नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात" हे येणार, तेव्हा पहिल्याच तासाला पोरांना हे सगळं सांगून टाका, आणि जमलं तर एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांनाही.