अलर्टची वही, हिवाळ्याची नोंद: काकूच्या फोनवरचा पाण्याचा थेंब

काकूच्या फोनचं प्रकरण सुटलं: तो रोज सकाळी चार्जिंग घेत नव्हता आणि पाण्याच्या थेंबाचा अलर्ट दाखवत होता. मागच्या नोंदीत ते अर्धवट सोडलं होतं आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पोर्ट, म्हणजे चार्जरची वायर घालायचं तोंड, खराब असेल असं सांगितलं होतं. पोर्ट खराब नव्हता. आज तेच सविस्तर लिहितो, बाकीची प्रकरणं थोडक्यात.

नवीन मंडळींसाठी वहीबद्दल दोन शब्द. ज्या अलर्टचं कारण कुणालाच सांगता येत नाही तो मी वहीत उतरवतो: मजकूर जसाच्या तसा, वेळ मिनिटासकट, फोन कुठे होता, कुणाकडे होता, चार्जरला लावलेला होता की नाही. वही २०२३ साली सुरू झाली. त्या वर्षी दूरसंचार विभागाने सेल ब्रॉडकास्टच्या चाचण्या घेतल्या आणि आमच्या चौकात बसलेल्या सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे वाजले. हा चाचणीचा संदेश आहे, दुर्लक्ष करा, असं त्यात लिहिलं होतं. पण ते वाचायच्या आधीच निम्म्या लोकांनी घाबरून ओके दाबलं आणि मग तो संदेश कुठेच सापडेना. एसएमएसमध्ये नाही, नोटिफिकेशन हिस्टरीत नाही. दिवसभर गावात एकच विषय, फोन हॅक झाले.

तो एसएमएस नव्हताच. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनांना एकदम ऐकवतो, त्याला तुमचा नंबर माहीत असायची गरज नसते. अशा अलर्टची यादी सेटिंगमध्ये वायरलेस इमर्जन्सी अलर्टच्या आत वेगळी ठेवलेली असते. ती सापडायला मला चार दिवस लागले आणि तेव्हापासून एक सवय लागली. अलर्ट काय म्हणतो ते नंतर, तो कोणत्या दारातून आत आला ते आधी. दारं मोजकीच आहेत: टॉवर, सिम, ॲप, नाहीतर फोनचं स्वतःचं अंग.

काकूचा फोन शेवटच्या दारातला.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या आत. शेत अरुणावतीच्या काठाला. घरी दोन फोन, माझा आणि काकूचा. काकूचा फोन दिवसा तिच्याकडे असतो, कारण वेचणीच्या बायांना सकाळी बोलावणं, किती जणी येणार ते पक्कं करणं, सगळं तिच्याकडे. रात्री तोच फोन काका जागलीला घेऊन जातात. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) तुरीत शिरतात, म्हणून शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, रात्र काढावी लागते. फोनचं हे दिवसाचं आणि रात्रीचं घर वेगळं आहे, ही गोष्ट मी पहिल्या दिवसापासून वहीत लिहीत होतो. तिचं महत्त्व मात्र फार उशिरा कळलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काकू म्हणाली, "बापू, हा मोबाईल रोज सकाळी चार्जिंगच घेत नाही. पाण्याचा थेंब दाखवते. म्या तं कधी पाण्यात टाकला नाही बाप्पा."

स्क्रीनवर थेंबाचं चित्र आणि खाली मजकूर: चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा आढळला, पोर्ट कोरडा करा. वायर लावली की हेच. बारा-एक वाजता मात्र तीच वायर, तोच चार्जर, आणि फोन निमूट चार्ज व्हायचा.

मी आधी चुकीच्या बाजूने गेलो. यूएसबी सेटिंग्ज नावाचं एक सिस्टिम ॲप असतं, त्याचा कॅशे (तात्पुरती साठवलेली माहिती) साफ केला की खोटा अलर्ट जातो, असं बरेच जण सांगतात. केला. अलर्ट गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर. पुन्हा केला, पुन्हा तेच. दोन दिवस त्यात गेले. तोवर काकूने फोन ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवला होता. ते मी बंद केलं. धान्यात ठेवल्याने ओल लवकर जात नाही, उलट दाण्यांचा भुसा पोर्टात शिरतो. आयफोनच्या कंपनीने तर २०२४ मध्ये आपल्या मदतपानावर तांदळाच्या पिशवीत फोन ठेवू नका असं स्पष्ट लिहिलं. तालुक्याच्या एका दुकानात दाखवला तर पोर्ट बदलावा लागेल म्हणाले. दुपारी चालणारा पोर्ट सकाळी खराब कसा असेल, हे मला पटेना.

मग हा अलर्ट मुळात कसा तयार होतो ते वाचून काढलं. टाइप-सीच्या तोंडात २४ पिना असतात. वायर जोडलेली नसताना त्यातल्या काही पिना एकमेकींपासून पूर्ण तुटलेल्या असायला हव्यात. फोन तिथे बारीकसा प्रवाह सोडून रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजतो. रोध कमी भरला तर मधे काहीतरी ओलं आहे असं धरून चार्जिंग थांबवतो, कारण ओल्या पिनांवर वीज सोडली की त्या झपाट्याने गंजतात. म्हणजे फोनला पाणी दिसत नाही. दोन पिनांच्या मधून वीज वाहू शकते एवढंच त्याला कळतं.

यानंतर नऊ सकाळी मी सलग मोजल्या. पोर्ट बंद असल्यामुळे लॅपटॉप वायरने जोडता येत नव्हता. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डिबगिंग, म्हणजे वायरशिवाय फोन लॅपटॉपला जोडायची सोय, आलंय, ते इथे फार कामाला आलं. एडीबीवरून (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) डम्पसिस बॅटरी ही आज्ञा दिली की बॅटरीचं तापमान मिळतं. आकडा दहापट असतो हे लक्षात ठेवा, १६८ दिसलं म्हणजे १६.८ अंश. माळ्यावरून आलेला फोन सकाळी सातला १४ ते १७ अंशांच्या मधे, घरात राहिलेला २२ च्या आसपास.

नऊपैकी सहा सकाळी थेंब आला, तीन सकाळी नाही. त्या तिघींपैकी दोन रात्री काका जागलीला गेलेच नव्हते, एकदा लग्न होतं, एकदा त्यांना ताप होता. हे जुळलं. पण तिसऱ्या रात्री फोन माळ्यावरच होता आणि तरी थेंब नाही. ही एक ओळ मला दोन दिवस छळत होती. उत्तर वहीच्या दुसऱ्या टोकाला मिळालं. आमच्याकडे डिसेंबरात आभाळ आलं की तुरीवर अळीची धास्ती असते, म्हणून मी आभाळाची नोंद ठेवतो. त्या रात्री आभाळ भरून आलं होतं. आभाळ असलं की जमिनीची ऊब वर निघून जात नाही, रात्र तेवढी गार होत नाही आणि दव पडत नाही. निरभ्र रात्री नदीकाठी इतकं दव पडतं की सकाळी उभ्या पऱ्हाटीच्या पिकातून गेलं तर गुडघ्यापर्यंत पँट भिजते.

म्हणजे ओल खरीच होती. अलर्ट खोटा नव्हता. पण माझा फोनही दोन रात्री मुद्दाम माळ्यावर ठेवून पाहिला, त्यावर थेंब आला नाही. दव दोन्ही फोनांवर सारखं पडलं, तरी अलर्ट एकावरच. मग काकूच्या फोनमध्ये असं काय आहे जे माझ्यात नाही?

फोन बंद केला, टॉर्च धरून पोर्टात पाहिलं. आत तळाशी राखाडी थर बसलेला. लाकडी दातकोरणं तासून चपटं केलं आणि अगदी हलक्या हाताने कडेकडेने ओढलं. (सुई, टाचणी, सेफ्टी पिन यांना हात लावू नका, मधली पट्टी नाजूक असते.) एक लांब तंतू निघाला, मग त्याच्या मागे गुंताच. कापूस. काकू वेचणीला जाताना फोन कापूस टाकायच्या ओटीतच टाकते आणि वर दिवसभर कापूस पडत राहतो. वायर घातली की प्रत्येक वेळी तो आत ठासला जात होता. निघालेला कापूस काकूने तळहातावर घेतला, सवयीने दोन बोटांत वळला आणि त्याची वात झाली. "एका निरांजनाची सोय झाली," म्हणाली.

आता सगळं बसत गेलं. कापूस हवेतली ओल धरून ठेवतो. नेहमीच्या हवेतसुद्धा कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी त्यात असतं आणि दवाच्या हवेत आणखी वाढतं. त्यात हाताचा घाम, म्हणजे मीठ. खारट ओल्या तंतूंचा बोळा पिनांवर बसलेला, त्यातून वीज आरामात वाहणार. दुपारी ऊन लागलं की बोळा वाळणार, रोध वाढणार, अलर्ट जाणार. माझ्या फोनच्या पोर्टात कापूस नाही, म्हणून तिथे दव धरून ठेवायला काही नव्हतं.

हे मी काकांना समजावत होतो, पिना, रोध, प्रवाह, आणि त्यांनी मला मधेच थांबवलं. "अरे हे तं खरेदी केंद्रावरल्या मीटरवानीच झालं. तोही कापसात खुपसते अन् ओल सांगते." मी गप्पच झालो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर कापसाची ओल ८ टक्क्यांच्या वर गेली की भाव कापला जातो, १२ च्या वर गेली की गाडी परत. ओल मोजायचे बरेचसे मीटर याच तत्त्वावर चालतात: कापसातून वीज किती सहज जाते त्यावरून ओलीचा अंदाज. काकूचा फोन रोज सकाळी आमच्याच कापसाची ओल मोजत होता! इतके दिवस डोकं लावून मी जिथे पोचलो होतो, ते काका दर हंगामात गाडीवर उभं राहून बघत आले आहेत. त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो या छंदात फार थोड्या वेळा होतो.

साफ केल्यानंतर सलग पाच दवाच्या सकाळी थेंब नाही. सहाव्या दिवशी एकदा आला, पाहिलं तर दोन नवीन तंतू. आता पोर्टाला रबरी बूच लावलंय आणि काकूने फोनसाठी नाडीची छोटी थैली शिवली आहे. वेचणीच्या दिवसांत जिनिंगमध्ये किंवा शेतात काम करणाऱ्यांचे फोन तुमच्याकडे आले तर पोर्ट बदलायच्या आधी टॉर्च मारा, एवढी विनंती.

बाकीची पानं.

शेजारच्या आबाजींच्या फोनवर मधेच एक चौकट यायची, ॲपचं नाव नाही, फक्त ओके आणि कॅन्सल. ओके दाबलं की कधी कधी पैसे कटायचे. अलर्ट दाबून धरला की एरवी ॲपचं नाव दिसतं, इथे दाबून धरलं तरी काही कळेना, हिस्टरीत नोंद नाही. सिम काढून माझ्या जुन्या फोनमध्ये टाकलं, चौकट सिमसोबत इकडे आली. दार सापडलं. सिम टूलकिट नावाच्या, सिमवरच्या सेवा चालवणाऱ्या ॲपमध्ये जाहिरातींची सेवा चालू होती, तिथूनच बंद केली.

दुसरं प्रकरण गंभीर होतं. एका मुलाच्या फोनवर "सिस्टिम अपडेट आवश्यक" असा अलर्ट, शेजारी दातेरी चाकाचं चिन्ह, अगदी सेटिंगसारखं. दाबून धरल्यावर जे नाव आलं ते रिकामं होतं. फोनचं खरं सिस्टिम ॲप कधी बिननावाचं नसतं. त्याने तीन दिवसांपूर्वी व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिकेची एपीके फाईल, म्हणजे ॲप बसवणारी फाईल, उघडली होती. ॲपने सुलभतेची (ॲक्सेसिबिलिटी) आणि एसएमएस वाचायची परवानगी घेतली होती, म्हणजे ओटीपी सरळ त्याच्या हाती. आधी डेटा आणि वायफाय बंद केलं, मग सेफ मोडमध्ये (बाहेरून बसवलेली ॲप बंद ठेवून फोन चालू होतो तो) जाऊन डिव्हाइस ॲडमिनची परवानगी काढली, तेव्हा कुठे ते निघालं. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवून खातं थांबवलं. पैसे गेले नाहीत. गेले असते तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० वर त्याच तासात फोन करायचा, हा नंबर मी आता वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे.

आणि एक उघडं प्रकरण. शाळेतल्या सरांचा फोन दुपारी अडीच ते तीनच्या मधे थरथरतो. स्क्रीनवर काही नाही, आवाज नाही, हिस्टरी कोरी. अँड्रॉइड १२ च्या पुढच्या फोनांत डम्पसिस व्हायब्रेटर मॅनेजर दिलं की आधी झालेल्या थरथराटांची यादी मिळते आणि प्रत्येकापुढे तो कुणी मागितला त्या पॅकेजचं (ॲपचं) नाव असतं. यादी लहान असते, जुन्या नोंदी लवकर पुसल्या जातात, म्हणून थरथरल्यावर लगेच पाहावं लागतं. सर त्या वेळी सातवीच्या वर्गावर असतात. मधल्या सुट्टीनंतर लॅपटॉप घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसायची परवानगी मुख्याध्यापकांकडून मिळाली आहे. सोमवारी जातोय.