नवतप्यातलं ऑडिट

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांत, नागपूरकर बाहेरची कामं सकाळीच उरकतात. मला मात्र वेळ मिळाली भर दुपारची. शहरातल्या एका पतसंस्थेच्या मुख्यालयात माहिती सुरक्षेचं ऑडिट होतं. व्यवस्थापकांनी आधी ताक पाजलं, मग रिस्क रजिस्टर, म्हणजे धोक्यांची नोंदवही, पुढे केलं. पाच बाय पाचचा तक्ता, छान रंगवलेला; प्रत्येक धोक्याच्या शक्यतेला आणि परिणामाला एक ते पाच गुण. 'सर्व्हर रूममध्ये अनधिकृत प्रवेश' : शक्यता १, परिणाम ५. 'एसी बंद पडणे' : शक्यता २, परिणाम ३. मे महिन्यातल्या नागपुरात शक्यता २! हा तक्ता भरणारा पुण्याचा असावा, असं मनात आलं. दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप होतं आणि त्या दिवसाचा लॉग, म्हणजे कोण आत गेलं याची नोंद, कोरा होता. "सकाळपासून आत कोणी गेलंच नाही," ते समाधानाने म्हणाले.

वरच्या मजल्यावर गेलो तर सर्व्हर रूमचं दार सताड उघडं. उंबऱ्यात कूलर, तोंड आत. टिल्लू पंपाची वायर थेट यूपीएसच्या सॉकेटमध्ये. रॅकशेजारी स्टुलावर एक अनोळखी गृहस्थ दुपट्टा सोडून निवांत बसलेले आणि त्यांचा मोबाइल चक्क सर्व्हरच्या यूएसबी पोर्टला चार्जिंगला लावलेला. सोनेतारण कर्जासाठी आले होते बिचारे. "खाली गर्दी होती ना जी. इथं गार हवा येऊन राहिली होती, म्हणून बसलो."

व्यवस्थापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चौकीदाराला बोलावलं. तो अजिबात घाबरला नाही. "साहेब, सकाळी दोनदा लाइट गेली. दुसऱ्यांदा आली तर एसी सुरूच नाही झाला. मशीनी तापून राहिल्या होत्या. दार नसतं उघडलं तर जळल्या असत्या ना जी."

त्याचं म्हणणं खरंच होतं. वीज गेली की सर्व्हर यूपीएसवर चालू राहतात, एसी मात्र त्यावर नसतो. म्हणजे उष्णता तयार होतच राहते, बाहेर फेकणारं यंत्र तेवढं बंद. आणि कूलर बंद खोलीत चालत नाही. तो पाण्याच्या बाष्पीभवनावर हवा गार करतो, दमट हवेला बाहेर जायला वाट लागते. एकदा कूलर आणला की दार उघडं ठेवणं आलंच. रजिस्टरमधल्या दोन वेगवेगळ्या ओळी त्या उंबऱ्यावर एक झाल्या होत्या. कोणाच्याही बोटाची गरज न उरल्यामुळे लॉग कोरा होता.

भिंतीवरचा तापमान सेन्सर २९ दाखवत होता, कारण तो कूलरच्या झोतात होता. माझं इन्फ्रारेड थर्मामीटर रॅकच्या मागे धरलं तर ४६. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तिथे जास्त आकड्याने सगळे हादरले. इथे कमी आकड्यामुळे अलार्मही वाजला नव्हता.

आधी मोबाइल काढायला लावला. मग चाचणीचा आणि जुन्या अहवालांचा असे दोन सर्व्हर रीतसर बंद केले, कूलर हटवला, पाणी पुसलं. एसीवाला येईपर्यंत दार उघडंच ठेवलं, पण आयटीचा एक मुलगा तिथे खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव वहीत लिहू लागला. ज्या सर्व्हरला मोबाइल जोडला होता त्याच्या नोंदी संध्याकाळपर्यंत तपासल्या. फोन फक्त चार्ज झाला होता. यूएसबी पोर्ट मात्र त्याच दिवशी बंद करायला लावले.

अहवालात मी दोन्ही ओळी जोडल्या आणि लाल केल्या, म्हणजे मोठ्या धोक्यात टाकल्या. एसी जनरेटरवर घ्या, दुसरा एसी बसवा, असं सुचवलं. व्यवस्थापक म्हणाले, जनरेटरचं करू, दुसरा एसी पुढच्या बजेटमध्ये बघू. तोवर दार मिनिटभर उघडं राहिलं की वाजेल असा बझर लावू.

चौकीदार पाण्याचा जग ठेवायला आत आला होता. "मग मे महिनाभर तो वाजतच राहीन ना जी," तो म्हणाला.

बझर यादीतून गेला. दुसऱ्या एसीचं कोटेशन त्याच आठवड्यात मागवलं.