ओल्या वाळूतली किरकिर

मावसभावाने आखातातून परतताना आणलेला मेटल डिटेक्टर पंधरा वर्षं त्याच्या माळ्यावर पडून होता. चार पेन्सिल सेल घातले, चालू झाला. पहिल्याच संध्याकाळी गोव्यातल्या मिरामार किनाऱ्यावर कोरड्या वाळूत बियरची तेरा बुचं, एक किल्ली आणि पाच रुपयांचं पिवळं नाणं मिळालं. मी खूश. मग भरतीच्या रेषेखाली उतरलो आणि यंत्राने जो गलका सुरू केला, तो थांबेचना. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, उचलली की गप्प, टेकवली की किरकिर.

बिघडलं समजून म्हापशाला रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने उघडलं, झाडलं, दोनशे रुपये घेतले. किरकिर तशीच.

यंत्रात दोष नव्हताच. ते एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं, साडेसहा किलोहर्ट्झवर. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू वीज वाहते, म्हणून यंत्राला तीच धातू वाटते. त्यात काळ्या रेतीचा पट्टा आला की तिच्यातल्या लोहाचा वेगळा गोंधळ. एक फ्रीक्वेन्सी दोघांनाही गप्प करू शकत नाही. संवेदनशीलता निम्म्यावर आणली तेव्हा आवाज थांबला, पण नाणीही लागेनाशी झाली.

शेवटी मायनलॅब कंपनीचं इक्विनॉक्स 600 हे यंत्र घेतलं, 2018चं मॉडेल, वापरलेलं. हे एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर चालतं, त्यामुळे मीठ आणि माती दोन्ही सांभाळतं. बीच मोड लावायचा, बटण दाबून धरून कॉइल वाळूवर खाली-वर करायची, ग्राउंड बॅलन्स होतो, म्हणजे खालच्या वाळूचा आवाज यंत्र वजा करतं. पहिल्यांदा मी नेमका वाळूत पुरलेल्या डब्यावर बॅलन्स करून बसलो आणि अर्धा तास फुकट गेला. त्यासाठी आधी मोकळी जागा शोधायची असते.

एका रविवारी दोन्ही यंत्रं घेऊन चाचणी केली. वीतभर खोल पाच रुपयांचं नाणं, रुपया, बूच. बायकोने अंगठीही दिली, पण दोरा बांधून, आणि दुसरं टोक स्वतःच्या हातात ठेवलं. कोरड्या वाळूत जुनं फारसं मागे नव्हतं, हे कबूल करायलाच हवं. ओल्यात मात्र त्याला काही सुधरेना, नव्याला पाचाचं नाणं स्वच्छ सापडलं. अंगठीही वाजली, पण धातू ओळखायला पडद्यावर येतो तो तिचा आकडा चांदीकागदाच्या शेजारचाच. म्हणजे सोनं हवं तर सिगारेटच्या पाकिटातला कागदही उपसत बसायचा.

रुपयाची गंमत वेगळीच. आपले हल्लीचे रुपये चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे. जुन्या यंत्रावर लोखंडाचे आवाज गाळायला लावले की रुपयाही गळतो. नव्यावर वाजला, पण आकडा दर फेरीला बदलत होता. परदेशी व्हिडिओ बघून शिकलो होतो, त्यांत हे कोण सांगणार?

मोरजी, आगोंद, गालजीबागला मी यंत्र नेत नाही, तिथे कासवं अंडी घालतात. जुन्या गोव्यातल्या चर्चांच्या आवारात तर पुरातत्त्वाची हद्द. आणि 1878च्या कायद्यात गुप्तधन 10 रुपयांहून जास्त किमतीचं असलं तर कलेक्टरला कळवा, असं आहे. माझ्यावर अजून तशी वेळ आलेली नाही.

ओल्या वाळूत सगळ्यांत जास्त काय सापडत असेल, तर शिसं. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची वजनं. दोन महिन्यांत डबाभर जमली. परवा करंजाळ्याला रापण ओढून बसलेल्या एका काकांनी डबा हलवून पाहिला, ‘हें शिसें आमचेंच मरे!’ म्हणाले आणि ठेवून घेतला. बदल्यात पिशवीत दहाबारा तारले मासे टाकले.