पातीचा हिशेब

कांद्याचं बी पहिल्यांदा तळहातावर घेतलं, तेव्हा कुणी कोळसा चुरून दिलाय की काय असं वाटलं. काळंकुट्ट, कोनेदार, सुरकुतलेलं. त्या वर्षी एकही उगवलं नाही. उन्हाला, मुंग्यांना, कुंडीला सगळ्यांना बोल लावून झाला. दोष माझाच होता. पाकीट तीन वर्षं खणात लोळत होतं आणि कांद्याचं बी वर्षभरातच दम टाकायला लागतं.

पुढच्या खेपेला ताजं बी सेंटीमीटरभर खोल पेरलं. नवव्या दिवशी मातीतून हिरव्या दोऱ्याचा फास वर आला. हा कोंब सरळ येतच नाही. आधी वाकवलेला गुडघा बाहेर काढतो आणि मग सावकाश शेंडा उपसून घेतो. उभा राहिल्यावरही टोकाला बियाचं काळं टरफल टोपीसारखं अडकलेलं. एकाची टोपी मी नखाने काढायला गेलो, तर शेंडाच हातात आला. बाकीच्यांना मग हात लावला नाही.

दोनेक महिन्यांनी रोपं दहा-दहा सेंटीमीटरवर लावली. पात तरारली तशी मी रोज थोडी कापू लागलो, फुकटचा माल म्हणून. एक पात म्हणजे खाली एक पापुद्रा, हा साधारण हिशेब नंतर कळला. म्हणजे मी माझा कांदा वरूनच कापत होतो! बरं, पात भरपूर असली तरी गड्डा कधी धरायचा ते ठरतं दिवसाच्या लांबीवर. काही जातींना 10-12 तासांचा दिवस पुरतो, काहींना 14च्या वर लागतो. जात चुकली की नुसती पात. माझी सुदैवाने जुळली. गड्डे मातीवर उघडे दिसले, तर बटाट्याच्या सवयीने मी भर घातली आणि दुसऱ्या दिवशी बोटांनी उकरून काढली. कांद्याला उघडंच बसायचं असतं.

मग पात पिकून तिच्या माना पडल्या, पाणी तोडलं, लिंबाएवढे का होईना, कांदे निघाले.

एकाने मात्र मान टाकली नाही. मध्ये थंडी लागली आणि त्याला डेंगळा आला. पोकळ दांडा, वर पांढऱ्या फुलांचा गोंडा. असा कांदा टिकत नाही, उपटणारच होतो, पण गोंड्यावर मधमाश्या बसलेल्या. राहू दिला. आता गोंडा वाळलाय, त्याला कागदी पिशवी बांधलीय. हलवली की आत खुळखुळतं. पिशवीवर तारीख घातलीय, ठळक.