एका सहीसाठी आठ दिवस, गोबऱ्यासाठी चार मिनिटं

गोव्यातल्या ग्रँड आयलंडला समुद्रात बुडी मारून आले त्याला पंधरवडा झाला, पण दवाखान्याच्या त्या खिडकीचा राग अजून उतरलेला नाही. म्हणून आधी तेच सांगते.

भाचा वास्कोला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारायला, शिकवतो. "मावशी, गोबरो मासा अगदी तोंडासमोर येऊन उभा राहतो, तू ये तरी," म्हणून दोन वर्षं मागे लागला होता. पैसे भरले, बोट ठरली आणि मोबाइलवर वैद्यकीय प्रश्नावली आली. पहिल्या पानावर 10 प्रश्न. त्यातला एक, वय 45 च्या वर आहे का? माझं 48. 'हो' म्हटलं की पुढच्या पानावर सिगारेट, कोलेस्टेरॉल, रक्तदाब असे जादा प्रश्न येतात. मी रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेते, तेही खरं ते लिहिलं. संपलंच! आता डॉक्टरची सही असल्याशिवाय भाचाच काय, कोणीच पाण्यात उतरवणार नाही.

माझी गोळी फोंड्यातल्या ज्या दवाखान्याची, तिथेच गेले. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटापालटा केला. "हा सरकारी फॉर्म नाही." म्हटलं, नाहीच आहे. "मग आमचा फिटनेसचा घ्या, 100 रुपये." घेतला. त्यावर छापलेलं, 'नोकरीसाठी सक्षम'. भाच्याला फोटो पाठवला, तो हसत सुटला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "पाण्याखालचं मला काय ठाऊक? ईसीजी आणा." आणला, तर डॉक्टर नाहीत. मग ते भेटले तेव्हा, "हृदयवाल्यांनी सही केली तर मी करीन." हृदयवाले फक्त गुरुवारी येतात. गुरुवारी दोन तास बाकावर. त्यांनी फॉर्म वाचला, दोन जिने दम न लागता चढता का विचारलं आणि सही करून टाकली. पाच मिनिटं! मग शिक्का. शिक्का ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली त्याच बाईंकडे आणि बाई जेवायला गेलेल्या.

नंतर कळलं की डॉक्टरांसाठी वेगळं मार्गदर्शनच असतं, अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिकल सोसायटी या पाण्याखालच्या वैद्यकाच्या संस्थेच्या संकेतस्थळावर. कोणत्या आजारात काय तपासायचं ते त्यात असतं. ते छापून पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवायला हवं होतं. आणि पैसे भरण्याआधी फॉर्म मागून घ्या. मी उलटं केलं.

बाकी सगळं सोपं गेलं. कान मात्र खाली जाताना सारखे मोकळे करावे लागतात, नाक दाबून हळूच फुंकायचं, दुखायची वाट बघायची नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊच नका.

आम्ही दहाएक मीटरवर होतो. तिथे दाब वरच्या दुप्पट असतो. पाणी हिरवट, ताकासारखं गढूळ, चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. खडकाच्या कपारीतून तो आला. माझ्या हाताएवढा लांब, अंगभर नारिंगी ठिपके, खालचा जबडा पुढे काढलेला, रुसलेल्या आजोबांसारखा. मी हलले की तो मागे सरकायचा, मी थांबले की परत यायचा. बाजारात याच माशाचं डोकं सारासाठी मागून घेते मी! डोळे फिरवून तो मला न्याहाळत होता आणि मी श्वास धरून बसले. भाच्याने लगेच खांद्यावर टकटक केली. श्वास कधीच धरायचा नाही. श्वास धरूनच वर आलं तर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं.

बोटीवर भाचा सांगत होता, गोबरे बहुतेक मादी म्हणून जगायला लागतात, मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. म्हणजे माझे आजोबा बहुधा आजीच. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर कॉड होल म्हणून जागा आहे, तिथले पोटॅटो कॉड, म्हणजे गोबऱ्याचेच भाईबंद, माणसाएवढे वाढतात आणि डायव्हरांच्या मागे फिरतात. त्यांना खायला घालून ती सवय लागली. इथे भाचा पावाचा तुकडाही नेऊ देत नाही, हातही लावू देत नाही.

हो, परतीचं विमान असेल तर एका बुडीनंतर किमान 12 तास आणि जास्त बुड्या मारल्या तर 18 तास थांबा. मला फोंड्यालाच जायचं होतं, तो प्रश्न आला नाही.

आणि सही-शिक्क्याच्या कागदाची झेरॉक्स काढा. माझा मूळ कागद भाच्याच्या स्कूबा केंद्राने ठेवून घेतला. तो वर्षभरच चालतो म्हणे, म्हणजे पुढच्या हंगामात पुन्हा तीच खिडकी.